लाकडातल्या पाण्याचा हिशेब

घरी स्वतःच्या हाताने एखादे टेबल, पुस्तकांचे शेल्फ किंवा देवघर करायचे मनात आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाकूड कुठले घेऊ? पुण्याच्या टिंबर मार्केटात जा किंवा मुंबईच्या रे रोडला, वखारीतले बोलणेही नावांनीच सुरू होते. सीपी साग, दांडेली, बर्मा, घाना, स्टीम बीच, शिसम. प्लायवूडच्या दुकानात गेलात तर गर्जन, सातशेदहा, कमर्शियल. नावांना अर्थ आहे आणि भावही नावांवरच ठरतो. पण नावाच्या आधी विचारावा असा एक प्रश्न आहे, आणि तो पाण्याचा आहे. या लाकडात आत्ता पाणी किती आहे, आणि माझ्या घरात आल्यावर ते किती घेईल, किती सोडेल? सागाची थोरवी, प्लायवूडचा जन्म, त्यावरचे शिक्के, लाकूड पोखरणारे भुंगे, पावसाळ्यात न लागणारे दार, या सगळ्यांची उत्तरे या एका प्रश्नाच्या पोटात आहेत. तो नीट उलगडला तर खरेदीतला बराचसा गोंधळ आपोआप मिटतो.

मुळापासून सुरुवात करू. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. एक, पेशींच्या पोकळीत मोकळे साठलेले. दुसरे, पेशींच्या भिंतींत मुरलेले. लाकूड वाळू लागले की आधी पोकळीतले पाणी जाते. या काळात ओंडका हलका होतो, पण त्याचे माप बदलत नाही. पोकळ्या रिकाम्या झाल्या आणि भिंती मात्र अजून भिजलेल्याच आहेत, असा एक टप्पा येतो. त्या वेळी लाकडात, त्याच्या कोरड्या वजनाच्या हिशेबाने, साधारण २५ ते ३० टक्के पाणी असते. यापुढे जे पाणी जाते ते भिंतींतले, आणि इथून लाकूड आक्रसू लागते. फळी आखडणे, पिळवटणे, तडकणे हे सारे या टप्प्याच्या खालचे प्रकार आहेत.

हा प्रवास कुठे थांबतो? पूर्णपणे कधीच थांबत नाही, आणि हीच गोष्ट नव्याने काम करणाऱ्याने मनात पक्की करावी. हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड सहाएक टक्के पाण्यावर येऊन टेकते. आर्द्रता ६५ टक्के असेल तर बाराच्या आसपास, आणि ८० टक्के झाली तर सोळाच्या जवळ. वैशाखात फळी पाणी सोडते, आषाढात परत घेते. पॉलिश किंवा रंग ही देवाणघेवाण मंद करतो, बंद करत नाही. जुन्या वाड्याची शंभर वर्षांची तुळईसुद्धा याला अपवाद नाही. तिच्यातले सुरुवातीचे ताण निवलेले असतात, म्हणून ती कापताना सहसा वळत नाही, पण पावसाळ्यात तीही थोडी फुगतेच.

आता हे फुगणे-आक्रसणे सगळ्या बाजूंनी सारखे असते तर काळजीचे कारण नव्हते. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही. रुंदीत हलते, आणि तिथेही दोन दिशांत फरक असतो. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत कमी, वर्तुळांच्या कडेकडेने जाणाऱ्या दिशेत जास्त. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग पहिल्या दिशेत सुमारे अडीच टक्के आक्रसतो, दुसऱ्या दिशेत ५.८ टक्के. युरोपातून येणाऱ्या बीचचे हेच आकडे ५.७ आणि ११.८ आहेत. कागदावर हे किरकोळ दिसते, म्हणून टेबलावर मांडून पाहू. ६०० मिलिमीटर रुंदीचा, चपट्या कापाच्या फळ्या जोडून केलेला सागाचा माथा उन्हाळ्यात ८ टक्के पाण्यावर होता आणि पावसाळ्यात १४ वर गेला, तर तो सुमारे सात मिलिमीटर रुंद होईल. तोच माथा बीचचा असेल तर पंधरा. पंधरा मिलिमीटर म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. खालच्या चौकटीला चहूबाजूंनी स्क्रू मारून आणि डिंक लावून हा माथा आवळला असेल, तर काहीतरी फाटणारच.

सागाला आपल्याकडे एवढा मान का, याचे उत्तर इथे आहे. आपल्या रानांत सागापेक्षा कठीण झाडे पुष्कळ आहेत. ऐन, बाभूळ, खैर ही सगळी त्याच्याहून टणक. पण साग पाण्याला फारशी दाद देत नाही. त्याच्यात नैसर्गिक तेल आहे, तो हळू घेतो, हळू सोडतो आणि दोन दिशांत मिळूनही कमी हलतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचे नाव तर देशभर आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या आगारातूनच सागवान गेले. या नावाचा अभिमान जरूर बाळगावा. तरीही वखारीत ‘बल्लारशाचा माल आहे’ एवढ्यावर पैसे काढू नयेत. कारण ते नाव जंगल सांगते, तोडून किती दिवस झाले ते सांगत नाही. टेबलाच्या कामाला ओल्या सागापेक्षा नीट वाळलेला फणस किंवा शिवण बरा.

‘वाळलेले’ हा शब्दही एकट्याने अपुरा आहे. कुठल्या गावासाठी वाळलेले, हे विचारायला हवे. रत्नागिरीची हवा बहुतेक वर्षभर दमट, म्हणून तिथले लाकूड वर्षभर थोडे जास्तच पाणी धरून असते, पण फार वरखाली होत नाही. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना लाकडाला कडक सुकवतो आणि जुलै त्याला परत फुगवतो. पुणे या दोहोंच्या मध्ये. कोकणात ऐन पावसात जुळवलेले कपाट बदलीच्या निमित्ताने विदर्भात गेले तर पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या फळ्यांत फटी पडतात. यात सुताराचे कौशल्य कमी पडलेले नसते, पाण्याचा हिशेब दुसऱ्या गावाचा असतो. म्हणूनच इमारती लाकडातल्या पाण्याविषयीचे भारतीय मानक, आयएस २८७, देशाचे आर्द्रतेनुसार चार पट्टे पाडते आणि प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळी मर्यादा देते. घरातल्या फर्निचरसाठी ढोबळ आकडा हवा असेल तर विदर्भ-मराठवाड्यात ८ ते १०, पुणे-नाशिककडे १० ते १२ आणि किनारपट्टीवर १२ ते १४ टक्के धरून चालावे.

मग हे पाणी मोजायचे कसे? मॉइश्चर मीटर नावाचे छोटे यंत्र मिळते. त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. या छंदात राहायचे असेल तर ते घ्यावेच. फक्त फळीच्या टोकाला किंवा वरवर टोचू नये, कारण ती ठिकाणे आधी वाळतात. टोकाकडून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने बाहेर पडते, म्हणून तर चांगल्या वखारीत ओंडक्यांच्या आणि फळ्यांच्या टोकांना रंग किंवा मेण फासलेले दिसते.

यंत्र नसेल तर घरच्या घरी होणारी एक पद्धत आहे, आणि ती यंत्रापेक्षाही खरी आहे. घेतलेल्या फळीच्या टोकापासून फूटभर आत जाऊन इंचभर रुंदीची आडवी चकती कापा. कापल्या कापल्या तिचे वजन करा. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर उत्तम. समजा ५६ ग्रॅम भरले. आता ही चकती ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा आणि तासा-दोन तासांनी वजन करत राहा. सुरुवातीला काटा भराभर उतरतो, मग रेंगाळतो आणि शेवटी लागोपाठ दोनदा तोच आकडा देतो. समजा तो ५० आला. गेलेले पाणी ६ ग्रॅम, कोरडे लाकूड ५०, म्हणजे फळीत १२ टक्के पाणी होते. ओव्हन नसेल तर चकतीवर पेन्सिलीने वजन आणि तारीख लिहून ती ज्या खोलीत टेबल राहणार तिथे ठेवा. दिवसाआड वजन करा. पहिल्या आठवड्यात वजन घटतच राहिले तर फळ्या अजून तुमच्या घराच्या झालेल्या नाहीत. काटा स्थिर आहे, तर रंधा हातात घ्यायला हरकत नाही.

फळ्या वाळवताना त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या घालून थप्पी लावायची असते, म्हणजे हवा दोन्ही अंगांनी खेळते. एक इंच जाडीला एक वर्ष, हा उघड्यावर वाळवण्याचा जुना ठोकताळा. आपल्या उन्हात याहून कमी काळ लागतो. पण कडक उन्हात घाई केली तर बाहेरचा थर आधी आखडतो, आतला ओलाच राहतो आणि फळी चिरते. भट्टीत वाळवलेले लाकूड ‘सीझन्ड’ म्हणून थोडे महाग मिळते. ती किंमत द्यावी, पण मीटर लावूनच. भट्टीतून निघालेला माल पुढे महिनाभर पत्र्याच्या शेडखाली पावसाळी हवेत पडून असेल तर त्याने पाणी परत घेतलेले असते.

वखारीत फळी उचलल्यावर सगळ्यात आधी तिचे टोक पाहावे. दर्शनी बाजू विक्रेता दाखवतोच. टोकावरची वर्तुळे मात्र फळी पुढे कशी वागणार ते सांगतात. वर्तुळांच्या रेषा फळीच्या जाडीत उभ्या दिसत असतील तर ती रुंदीत कमी हलेल आणि सपाट राहील. त्या आडव्या कमानीसारख्या दिसत असतील तर वाळताना फळीच्या कडा सालीच्या बाजूला उचलल्या जातील. अशी फळी वाईट नसते, फक्त रुंद माथ्याला वापरण्यापेक्षा ती अरुंद पट्ट्यांना वापरावी. जिच्यात झाडाचा अगदी मधला बिंदू आला आहे ती फळी शक्यतो सोडून द्यावी, कारण तिथून चीर पडायचीच. याच टोकावर गाभ्याचा तपकिरी रंग आणि सालीलगतचे पांढरे लाकूडही वेगळे ओळखू येते. पांढरे म्हणजे झाडाने पाणी आणि अन्न जिथून वाहून नेले तो भाग. त्यात पिष्ट असते, म्हणून बारीक पीठ पाडणारे भुंगे तिथेच शिरतात. कमी वयाच्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग बराच असतो, त्यामुळे नाव साग असले तरी गुण सागाचे नसतात. कुजण्याचा हिशेबही पाण्याचाच. २० टक्क्यांच्या खाली लाकूड ठेवले तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही.

मोजमाप चटकन सांगतो. कापीव लाकूड घनफुटावर विकतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करा आणि १४४ ने भागा. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. करवत आणि रंधा आपला वाटा घेतात, इंचाची कच्ची फळी साफ होऊन वीस मिलिमीटरच्या आसपास उरते, म्हणून हिशेबाच्या सव्वापट माल घ्यावा. जुन्या वाड्याचे सागवान मिळाले तर भाग्य समजावे, पण आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. शेतकऱ्याकडून थेट साग घेत असाल तर तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना पाहिल्याशिवाय गाडीत भरू नये.

आता प्लायवूडकडे वळू. वरवर पाहता हा वेगळाच बाजार आहे, पण त्याचा जन्म याच पाण्याच्या प्रश्नातून झाला. लाकूड लांबीत हलत नाही आणि रुंदीत हलते, एवढे कळल्यावर कुणालाही सुचावे असे उत्तर म्हणजे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवणे. प्रत्येक थराची रुंदी शेजारच्या थराच्या लांबीने जखडली जाते. थरांची संख्या विषम ठेवली की दोन्ही अंगांचा ताण सारखा राहतो आणि पाट सपाट राहतो. आठ बाय चारचा तक्ता लांबी-रुंदीत जवळजवळ न हलता वर्षानुवर्षे टिकतो, तो या बांधणीमुळे. मात्र जाडीच्या दिशेने त्याला धरून ठेवणारे काही नसते, म्हणून ओल लागलेला प्लाय कडेलाच फुगतो. कडांना पट्टी लावणे हा शोभेचा भाग नाही, ते पाण्याचे दार बंद करणे आहे. एका बाजूला लॅमिनेट चिकटवून दुसरी कोरी सोडली की कोरी बाजू पाणी घेत-सोडत राहते आणि कपाटाचे दार बेंड मारते. आतूनही पातळ लॅमिनेट लावले तर तोल सांभाळला जातो.

बांधणीचे काम डिंक करतो, तेव्हा प्लायचा दर्जा आधी डिंकाचा दर्जा. युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक स्वस्त आणि फिका. तो कोरड्या जागी चालतो, पण गरम पाण्यापुढे टिकत नाही. एमआर म्हणजे दुकानातला ‘कमर्शियल’ प्लाय सहसा याचा असतो. फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा डिंक गडद तपकिरी, थरांच्या मधल्या रेषा काळपट दिसतात आणि तो उकळत्या पाण्यातही धरून राहतो. सर्वसाधारण कामाच्या प्लायवूडचे मानक आयएस ३०३, मरीन प्लायवूडचे आयएस ७१०. दुकानदार ‘सातशेदहा’ म्हणतो ते हेच. या मानकाच्या परीक्षेत नमुना ७२ तास उकळतात.

डिंकाच्या खालोखाल येतात आतले थर. इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. भारतातला प्लायवूडचा धंदा आसामात चहाच्या पेट्यांसाठी वाढला आणि दीर्घकाळ ईशान्येच्या जंगलांवर जगला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या तोडीवर आणि लाकडाच्या वाहतुकीवर निर्बंध आणले, आणि उद्योगाचे वजन हरियाणातल्या यमुनानगरकडे झुकले, जिथे शेताच्या बांधावरचा पॉपलर आणि निलगिरी मुबलक होती. २०१४ च्या एप्रिलपासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा वरच्या पातळ पापुद्र्यासाठी लागणारा गर्जनही दुर्मीळ झाला. आज तक्त्याच्या आत बहुधा काही वर्षांत वाढलेले शेतातले झाड असते. जंगल वाचले, हे चांगलेच झाले. पण पॉपलर हलका आणि मऊ, निलगिरी जड आणि ताणखोर, म्हणून थर नीट वाळवलेत का, जोड घट्ट आहेत का, याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले. ओल्या थरांचा तक्ता दाबातून निघताना सपाटच दिसतो. तो वाकतो नंतर, आपल्या घरी.

म्हणून इथेही पृष्ठभाग सोडून कड पाहावी. चारही कडा, उजेडात. थरांमध्ये काळी पोकळी दिसते का, एक थर दुसऱ्यावर चढला आहे का, कडेला लाल रंगाखाली पुट्टी भरली आहे का. संशय आला तर नखाने किंवा किल्लीच्या टोकाने खरवडावे. पाटावर टिचकी मारत गेल्यास पोकळीच्या जागी आवाज बदलतो. १८ मिलिमीटरच्या आठ बाय चार तक्त्याची घनता घनमीटरला ६०० किलो धरली तर वजन बत्तीसएक किलो भरते. फारच हलका लागला तर आत पॉपलरच जास्त आहे. जड लागला तर खूश होण्याआधी मीटर टोचावा, कारण ते वजन पाण्याचेही असू शकते.

मोठे काम असेल तर एक तक्ता आधी आणावा आणि त्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पंजाएवढे तीन तुकडे कापून, स्वयंपाकासाठी न वापरायच्या भांड्यात, गॅलरीत किंवा अंगणात उकळायला ठेवावेत. घरात नको, वास डोळ्यांना झोंबतो. कमर्शियल प्लाय काही तासांत कडेने सुटू लागतो आणि मग थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे एकेक वेगळे होतात. चांगला बीडब्ल्यूपी, म्हणजे सातशेदहाचा, तुकडा आठ तासांनीही पाण्याला रंग देऊन स्वतः जसाच्या तसा राहतो, आणि पटाशी घालून उचकटला तर डिंकाच्या रेषेवर न सुटता लाकूड तंतूंनी फाटते. तंतू फाटणे ही डिंक लाकडापेक्षा बळकट असल्याची खूण आहे. ही परीक्षा ७२ तासांची बरोबरी करत नाही, पण खोटा ‘वॉटरप्रूफ’ उघडा पाडायला पुरते. शिक्क्याचीही खात्री करून घ्यावी. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये तो टाकला की कंपनी कोणती, मानक कोणते आणि परवाना चालू आहे का, ते तिथल्या तिथे कळते.

यातून एक सोयीची गोष्ट निघते: सगळीकडे सगळ्यात महाग माल लागत नाही. सिंकखालच्या कपाटाला, न्हाणीघराच्या भिंतीला टेकणाऱ्या फर्निचरला सातशेदहाच हवा. पुण्या-नागपूरच्या कोरड्या खोलीतल्या पुस्तकांच्या शेल्फला आयएस ३०३ चा चांगला एमआर पुरतो. कोकणात त्याच जागी एक पायरी वरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळते पाणी सोसणारा, प्लाय घ्यावा. सांगाडा प्लायचा आणि हाताला लागणारा माथा, पाय, कडा सागाच्या किंवा फणसाच्या, ही जोडी घरच्या कामाला सगळ्यात समाधान देणारी. जिथे हालचाल नको तिथे प्लाय, जिथे लाकडाचा स्पर्श हवा तिथे लाकूड, आणि दोघांच्या मध्ये पाण्याला वाट.

ती वाट आपल्या आधीच्या सुतारांना चांगली ठाऊक होती. वाड्यांची जुनी दारे पाहा. चौकट अरुंद पट्ट्यांची, आणि मधली रुंद फळी खाचेत नुसती सरकवलेली. ती उन्हाळ्यात आखडते, पावसाळ्यात फुगते आणि दार जागचे हलत नाही. आज टेबलाचा माथा बसवताना हेच करायचे: मधल्या रेषेवर स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोके लांबट. एवढे केले की सात मिलिमीटर सुखाने येतात-जातात. खरेदीत आपण पाणी ओळखतो आणि बांधणीत त्याला जागा देतो. यातले एक सुटले तर दुसऱ्याचा उपयोग राहत नाही. तेव्हा लाकूड आणायला निघण्याआधी कागदावर टेबलाचे चित्र काढाल, त्यात लांबी-रुंदीच्या मापांबरोबर प्रत्येक फळी कुठल्या दिशेला फुगणार त्याचा बाणही काढा, आणि मग यादी घेऊन वखारीत जा.